मार्च आला की मालकांचा हात सैल सुटतो: एनएफएल, सॅलरी कॅप आणि ऋण काढून सण

पोटोमॅककाठचा:

दर मार्चमध्ये आमच्या गल्लीत दोन गोष्टी ठरलेल्या. चेरीच्या झाडांना कळ्या धरतात, आणि शेजारचे सत्तरीचे गृहस्थ कुंपणापाशी येऊन विचारतात, "मग, यंदा कोणाला उचलताहेत?" म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंपैकी आमचा वॉशिंग्टनचा अमेरिकन फुटबॉलचा संघ कोणावर पैसे उधळणार. या गृहस्थांच्या गॅरेजमध्ये खिळ्याला ९२ नंबरची एक जर्सी लटकलेली असते. तिने ते गाडीच्या काचा पुसतात. ती कोणाची, ते पुढे येईलच.

धागा काढायचं कारण म्हणजे मागे इथे आयपीएलच्या धाग्यावर कुणीतरी ठासून लिहिलं होतं की अमेरिकेत सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा) असते, त्यामुळे तिथे श्रीमंत मालकाला काही फायदा नाही. मी पंचवीस वर्षं या संघाच्या नादी लागलेला माणूस आहे. माझं मत असं की फायदा असतो, आणि तोच त्याला खड्ड्यात घालतो.

नवख्यांसाठी थोडक्यात. १९९३ पर्यंत एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, खेळाडूला मनासारखा संघ बदलणं जवळपास अशक्य होतं. कोर्टकचेऱ्या झाल्या, खेळाडू मोकळे झाले, आणि पहिल्याच वर्षी रेजी व्हाइट हा बचावपटू चार वर्षांच्या १ कोटी ७० लाख डॉलरवर ग्रीन बे या थंडगार गावात गेला. मोकळीक दिली त्या बदल्यात मालकांनी १९९४ पासून खर्चाला झाकण बसवलं. त्या वर्षी एका संघाला पगारावर ३ कोटी ४६ लाख डॉलर खर्च करता येत होते. २०२५ मध्ये तोच आकडा २७ कोटी ९२ लाखांवर गेला. सगळ्या संघांना एकच मर्यादा.

आता आमचे साहेब. डॅन स्नायडर. १९९९ मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी ८० कोटी डॉलरला संघ घेतला. लहानपणापासूनचा याच संघाचा भक्त. भक्ताच्या हातात देऊळ गेलं की काय होतं ते आम्ही पाहिलं! २००० मध्ये कॅप होती ६ कोटी २२ लाख आणि साहेबांनी संघावर ओतले सुमारे १० कोटी. डिऑन सँडर्स, ३७ वर्षांचा ब्रूस स्मिथ, जेफ जॉर्ज, अशी पाटीवरची नावं गोळा केली. त्या उन्हाळ्यात अ‍ॅशबर्नला संघाचा सराव बघायलासुद्धा १० डॉलर तिकीट लावलं. हो, सराव. त्या आधीच्या वर्षी १० सामने जिंकून गट जिंकलेला हा संघ ८-८ वर (आठ विजय, आठ पराभव) आला, प्रशिक्षकाला हंगाम संपायच्या आत काढलं, आणि डिऑन एका हंगामानंतर निवृत्त झाला.

आणि मग २००९. फेब्रुवारीच्या शेवटी फ्री एजन्सीचं, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंच्या बाजाराचं, दार उघडलं आणि काही तासांत अल्बर्ट हेन्सवर्थ हा बचावपटू आमचा झाला. सात वर्षं, १० कोटी डॉलर, त्यातले ४ कोटी १० लाख पक्के. दुसऱ्या दिवशी ऑफिसात लोक डबे तसेच ठेवून याच विषयावर बोलत होते. पुढच्या वर्षी नवीन प्रशिक्षक माइक शनहननी त्याला धावण्याची चाचणी दिली आणि गडी कित्येक दिवस ती पास होईना. नोव्हेंबर २०१० मधली सोमवारची रात्र, समोर फिलाडेल्फिया. मित्राच्या तळघरात आम्ही आठ-दहा मराठी माणसं भडंग घेऊन बसलेलो. एका चालीत हेन्सवर्थ खाली पडला आणि पडूनच राहिला. पोटावर. चेंडू त्याच्या मागे चालू आहे, बाकीचे धावताहेत, आणि हा उन्हात वाळत घातलेल्या गादीसारखा. मित्राची आई म्हणाली, "अरे, त्याला लागलंय का बघा कुणीतरी." काही लागलं नव्हतं. तो सामना आम्ही ५९-२८ हरलो.

दोन वर्षांत २० सामने, मग ड्राफ्टमधल्या (नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या) पाचव्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात तो दुसरीकडे. ९२ नंबर त्याचाच.

तर प्रश्न असा की मर्यादा असताना ६ कोटींच्या जागी १० कोटी कसे खर्च झाले? जाणकारांनी लिहावं, मीही भर घालतो.

बाल्कनीतला:

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. भडंग असेल तर इकडे सरकवा.

शंकासुर:

काका, मला ६ आणि १० चं गणितच कळलं नाही. मर्यादा म्हणजे मर्यादा ना? २०२५ च्या आयपीएलला १२० कोटी म्हटलं की १२० कोटी. ऋषभ पंतला लखनौने २७ कोटींना घेतलं तेव्हा पाकिटातून २७ गेले, विषय संपला.

हिशेबनीस:

शंकासुर, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर आमच्या धंद्यातलं आहे. एनएफएलमध्ये दोन वह्या असतात. एक रोकड वही, एक कॅपची वही. दोन्हींत एकाच दिवशी एकच आकडा पडेल असं नाही.

खेळाडूला सही करताना बोनस देतात. समजा ५ कोटी डॉलर, पाच वर्षांचा करार. रोकड वहीत आजच ५ कोटी गेले. कॅपच्या वहीत मात्र दर वर्षी १ कोटी. जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागता येतं. झाला ना चमत्कार? आज मालकाने ५ कोटी मोजले पण यंदाच्या मर्यादेतले फक्त १ कोटी वापरले गेले.

दुसरा प्रकार चालू करारातला. खेळाडूचा यंदाचा पगार २ कोटी १० लाख आहे. संघ त्याला म्हणतो, १० लाख पगार ठेवू, उरलेले २ कोटी आत्ताच बोनस म्हणून घे. खेळाडू कशाला नाही म्हणेल? करारात पाच वर्षं उरली असतील तर ते २ कोटी दर वर्षी ४० लाखांप्रमाणे पडतात. म्हणजे यंदा २ कोटी १० लाखांऐवजी ५० लाख. १ कोटी ६० लाखांची जागा मोकळी, तिथे दुसरा माणूस घ्या. वर्षं उरली नसतील तर कागदावर खोटी वर्षं जोडतात, ज्यात तो खेळाडू संघात नसणार हे दोघांनाही ठाऊक असतं.

पण यासाठी मालकाच्या खिशात आज रोख २ कोटी हवेत. श्रीमंत मालकाचा फायदा तो इथे.

आणि पाचातल्या दुसऱ्या वर्षानंतर त्या खेळाडूला हाकललं तर? पहिल्या उदाहरणात ३ कोटी अजून वहीत पडायचे आहेत. ते एकदम येऊन पडतात. १ जूननंतर काढलं तर यंदा १ आणि पुढच्या वर्षी २. माणूस गेला तरी आकडा राहतो. त्याला तिकडे डेड मनी म्हणतात.

शंकासुर:

आत्ता कळलं! म्हणजे फ्रिज भंगारात गेला तरी हप्ते चालू.

कोथरूडकर_काका:

उदाहरण फ्रिजचं नको, आमच्या सोसायटीचं घ्या. आधीच्या समितीने पुढच्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या निधीतून प्रवेशद्वार केलं. काळा ग्रॅनाइट, दोन बाजूंना दोन दिवे, मध्ये कारंजं. उद्घाटनाला पेढे. आता लिफ्टची मोटर गेली आहे तर निधीत खडखडाट. ती समिती केव्हाच पायउतार झाली, त्यातले दोघे तर फ्लॅट विकून गेले. कारंजं बंद असतं, डास होतात म्हणून.

आम्ही चौथ्या मजल्यावर.

पोटोमॅककाठचा:

काका, दंडवत. आमच्या संघाची चौदा-पंधरा वर्षं तुम्ही चार ओळींत बसवलीत.

हिशेबनिसांनी सांगितलेली ही युक्ती पहिल्यांदा धडाक्यात वापरली ती डलासच्या जेरी जोन्सनी. १९९५ मध्ये याच डिऑन सँडर्सला सात वर्षांचे ३.५ कोटी डॉलर दिले, त्यात जवळजवळ १.३ कोटी सहीचा बोनस आणि सुरुवातीच्या वर्षांत पगार नावापुरता. त्याच हंगामात डलासने सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला. त्यानंतर लीगने त्या पळवाटेला बूच मारणारा नियम आणला, पण दार पूर्ण बंद कधीच केलं नाही.

म्हणजे युक्ती वाईट नाही. जोन्सचा डिऑन २८ वर्षांचा होता आणि भोवती जिंकणारा संघ तयार होता. स्नायडरने तोच डिऑन पाच वर्षांनी घेतला. एकच वस्तू, एकाने हंगामात घेतली, दुसऱ्याने सेल संपताना.

डोंगरवेडी:

डेन्व्हरहून हजेरी. आमचं दुःखही नोंदवून घ्या.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये वॉल्टन-पेनर मंडळींनी आमचा संघ, ब्राँकोज, ४६५ कोटी डॉलरला घेतला. वॉल्टन म्हणजे वॉलमार्टवाले, लीगमधल्या श्रीमंत मालकांत वरच्या पंगतीत. १ सप्टेंबरला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) रसेल विल्सनचा करार वाढवला, पाच वर्षं, २४ कोटी २६ लाख डॉलर. त्याने आमच्यासाठी एकही सामना खेळण्याआधी! आधीच्या करारात दोन वर्षं शिल्लक होती, कुणी बंदूक लावली नव्हती. दोन हंगामांनी, मार्च २०२४ मध्ये, त्याला काढलं. कॅपच्या वहीत मागे उरले ८.५ कोटी डॉलर. लीगच्या इतिहासात तोवर एका खेळाडूपायी एवढा आकडा कुणी सोसला नव्हता. ५.३ कोटी २०२४ मध्ये, ३.२ कोटी २०२५ मध्ये.

गंमत पुढे आहे. २०२४ चा त्याचा ३ कोटी ९० लाखांचा पगार पक्का होता. तो पिट्सबर्गला गेला, त्यांनी त्याला नियमातला किमान पगार दिला, १२ लाख १० हजार. बाकीचे आम्ही भरले. मुलगी आमच्या घरातून गेली, दुसऱ्याच्या घरात नांदते आहे आणि किराणा आमच्याकडून जातो आहे. (हे उदाहरण नवऱ्याचं, माझं नाही.)

तरीही एक सांगते. एखादा तंगीतला मालक असता तर त्याने विल्सनला आणखी वर्षभर चालवून घेतलं असतं. आमच्या मालकांनी नुकसान गिळलं, ड्राफ्टमधून बो निक्सला घेतलं आणि त्याच वर्षी आम्ही १०-७ करून प्लेऑफमध्ये गेलो. म्हणजे पैशाचा फायदा चूक करताना झाला नाही, चूक टाकून देताना झाला.

पोटोमॅककाठचा:

ताई, तुमचं शेवटचं वाक्य मला माझ्या धाग्यात हवं होतं. तेवढ्यापुरतं मत बदलतो.

पणजीचो_पाव:

सगळं ठीक, पण ज्या खेळात पायाचा चेंडूशी संबंध चुकूनमाकून येतो त्याला फुटबॉल म्हणू नका. आमच्या गोव्यात कोणी ऐकलं तर कठीण.

मुद्द्याचं म्हणजे, तुमच्या या लीगमधला एक मालक आमच्या फुटबॉलमध्येही आहे. शाहिद खान. लाहोरचा जन्म, अमेरिकेत गेला, भांडी घासली, पुढे गाड्यांच्या बंपरवर अब्जाधीश झाला. जॅक्सनव्हिल जॅग्वार्स त्याचे आणि २०१३ पासून लंडनचं फुलहॅमही त्याचंच. फुलहॅमवर अमेरिकेसारखी कॅप नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात प्रीमियर लीगमध्ये परत आल्यावर त्याने १० कोटी पौंडांहून जास्त ओतले, डझनभर नवे खेळाडू आणले, आणि त्याच हंगामात संघ पुन्हा खाली घसरला. म्हणजे कॅप असो वा नसो, घाईघाईने बाजार उचलला की भाजी नासते.

फरक एवढाच की फुलहॅमला पैसे बुडाले तरी पुढच्या उन्हाळ्यात मालक नवीन पैसे घालू शकतो. तुमच्याकडे जुनी चूक नवीन वर्षाची जागा खाते.

हिशेबनीस:

+१. नेमकं.

आणि ज्यांना वाटतं की तिथे काही मालक गरीब असतील त्यांनी ग्रीन बेचा ताळेबंद पाहावा. या संघाला मालकच नाही, पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत आणि लाभांश शून्य. त्यामुळे हा एकच संघ दर वर्षी आकडे जाहीर करतो. २०२४ च्या ताळेबंदात लीगकडून आलेला वाटा होता ४० कोटी २३ लाख डॉलर, मुख्यतः टीव्हीचा. २०२४ च्या हंगामाची कॅप २५ कोटी ५४ लाख. बाकीचे संघ आकडे सांगत नाहीत पण हा वाटा सर्वांना सारखाच मिळतो. म्हणजे एक तिकीट विकलं नाही तरी पगार निघतात. १९६१ पासून टीव्हीचे पैसे समान वाटायचे ठरले त्याची ही फळं. तेव्हा "आमच्याकडे पैसे नाहीत" म्हणणारा मालक एकतर हात आखडता घेतोय किंवा त्याची रोकड दुसरीकडे अडकली आहे.

रोकडीची अडचण मात्र खरी असते. पुढच्या वर्षांचे पक्के पैसे आजच बाजूला काढून ठेवावे लागतात असा जुना नियम आहे. क्लीव्हलँडने २०२२ मध्ये डेशॉन वॉटसनला पाच वर्षांचे २३ कोटी डॉलर, सगळेच्या सगळे पक्के, दिले तेव्हा बाकीचे मालक वैतागले ते याचसाठी. उद्या प्रत्येक क्वार्टरबॅक तेच मागणार.

लाल_दिवा:

इतका वेळ वाचतोय. सगळे मालकाच्या चुकांवर हळहळताहेत. ही मर्यादा घातली कोणी? मालकांनी. कशासाठी? आपल्याच भाईबंदांनी जास्त पगार देऊ नये म्हणून. स्वतःच्या हाताला आवर घालता येत नाही म्हणून कामगाराच्या ताटावर झाकण.

२०१० ची गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. त्या वर्षी मालक आणि खेळाडूंच्या संघटनेतला करार संपत आल्यामुळे कॅपच नव्हती. वॉशिंग्टनने काय केलं, याच हेन्सवर्थच्या आणि डिअँजेलो हॉलच्या करारांचं ओझं त्या बिनकॅपच्या वर्षात टाकून दिलं. नियमाने पूर्ण मोकळीक, लीगने ते करार मंजूरही केले. आणि २०१२ च्या मार्चमध्ये, फ्री एजन्सी उघडायच्या तोंडावर, वॉशिंग्टनला ३ कोटी ६० लाखांचा आणि डलासला १ कोटीचा कॅपचा दंड! का, तर "आतून ठरलं होतं" की असं कुणी करायचं नाही. मर्यादा नसलेल्या वर्षात मर्यादा पाळायची असं आतून ठरतं त्याला आपल्याकडे साटंलोटं म्हणतात. खेळाडूंच्या संघटनेने तोच दावा लावला, पण २०११ मध्ये मालकांशी नवा करार करताना तिने जुने दावे सोडून दिलेले असल्यामुळे काही निष्पन्न झालं नाही.

आणि दंडाची जागा कुठे गेली? २८ संघांत वाटली, प्रत्येकी १६ लाख. पंक्तीतल्या दोघांचं ताट उचलून बाकीच्यांना वाढलं.

पोटोमॅककाठचा:

लाल_दिवा, हे तुम्ही म्हणताय आणि मला स्नायडरची बाजू घ्यावी लागतेय, असा दिवस येईल वाटलं नव्हतं. पण त्या एका बाबतीत आमच्यावर अन्याय झाला. त्याच हंगामात, दंड भरत, रॉबर्ट ग्रिफिन या नवख्या पोराच्या जोरावर आम्ही १०-६ करून गट जिंकला. तो दिसायला चमत्कार होता. पुढच्या वर्षी ३-१३. दंडाचा दुसरा अर्धा हप्ता, बदली खेळाडूंना जागा नाही, पोराचा गुडघा गेलेला.

तरी खेळाडूंचं पूर्ण नुकसान होतं हे मान्य नाही. मर्यादेबरोबर तळही आहे, ठरावीक वर्षांच्या हिशेबात कॅपच्या ९० टक्के रोख खर्च करावीच लागते. कंजूष मालकाला पैसे दाबून ठेवता येत नाहीत. मला विचाराल तर खरा मार बसला तो नवख्यांना. २०१० च्या ड्राफ्टमधला पहिला, सॅम ब्रॅडफर्ड, त्याला ७.८ कोटींचा करार, ५ कोटी पक्के. २०११ चा पहिला, कॅम न्यूटन, ४ वर्षांचे २.२ कोटी. एका वर्षात! जुन्या खेळाडूंनी मालकांशी बसून नव्यांचा खिसा कापला. म्हणून आता हुशार संघ पोराला स्वस्तात घेतो आणि तो स्वस्त असेतो बाकी बाजार करतो.

लाल_दिवा:

जुन्यांनी नव्यांचा कापला हे मान्य. युनियनमध्येही तेच होतं, अनुभव आहे.

बाल्कनीतला:

आपल्याकडे कॅप गुंडाळून ठेवायची पद्धत साधी होती. २०१० च्या आयपीएल लिलावात एका खेळाडूवर साडेसात लाख डॉलरच्या वर बोली लावता येत नव्हती. पोलार्डसाठी चार संघ त्या आकड्याला येऊन अडले. मग बंद पाकिटं मागवली, मुंबई इंडियन्सचं पाकीट जड निघालं. पाकिटात किती होते ते जाहीरच केलं नाही, वरचे पैसे लीगने घेतले. ना हप्ते, ना खोटी वर्षं. पाकीट.

शंकासुर:

आणि पोलार्ड पुढे बारा-तेरा हंगाम मुंबईकडूनच खेळला. मग तो खर्च लागी लागला की.

कोथरूडकर_काका:

म्हणजे कारंजं चालू राहिलं तर निधी कशातून काढला ते कोणी विचारत नाही.

पणजीचो_पाव:

काका, लिफ्टचं काय झालं?

पोटोमॅककाठचा:

थोडं अवांतर. स्नायडरने २०२३ मध्ये संघ विकला, ६०५ कोटी डॉलरला. २४ वर्षांत प्लेऑफचे मोजून दोन सामने जिंकलेला संघ, ८० कोटींचे ६०५. दंड, डेड मनी, हेन्सवर्थ सगळं धरून. कॅपच्या वहीत त्याने जितके खड्डे केले त्यातला एकही त्याच्या खिशाला पडला नाही. नवे मालक जॉश हॅरिस आले, २०२४ मध्ये जेडन डॅनियल्स हे पोर ड्राफ्टमध्ये मिळालं आणि पहिल्याच हंगामात १२-५. शेजारच्या गृहस्थांनी नवीन जर्सी घेतली आहे, ५ नंबरची. जुनीबद्दल विचारलं तर म्हणाले, काचेला तिच्याइतकं मऊ कापड मिळत नाही.

कोथरूडकर_काका:

@पणजीचो_पाव: लिफ्टसाठी प्रत्येक फ्लॅटवर वेगळी वर्गणी लावली आहे, सहा हप्त्यांत. तळमजलेवाले द्यायला तयार नाहीत. रविवारी सभा आहे. गच्चीवर.